खालच्या बांध्यांचं पाणी

चिचटोला, ता. तुमसर
८ जानेवारी २०२३

ती. आत्यास, हर्षाचा साष्टांग नमस्कार.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि माझा फोन अंगणात उभं राहिल्याशिवाय लागत नाही. अंगणात बोललं की शेजारचेही आपलं मत देऊन जातात. म्हणून आपलं पत्रच बरं.

मी निवडून आले, आत्या. थेट सरपंच. बपेऱ्याच्या रस्त्यापासून आमच्या दारापर्यंत गुलाल होता. हार मात्र सगळे तुझ्या जावयाच्या, सूरजच्या गळ्यात पडले, आणि मोठा होता तो मामंजींच्या. घरी आल्यावर सूरजने स्वयंपाकघरात येऊन आपला हार माझ्या गळ्यात घातला. "घ्या, सरपंचबाई. मानेले खाजवून राहिलं," म्हणाला.

तुला ठाऊकच आहे, मामंजी बरीच वर्षं इथले सरपंच होते. यंदा जागा बायकांसाठी राखीव झाली आणि गावाने सुनेला निवडलं. पहिल्या दिवशी आम्ही दोघं पंचायतीत गेलो. ते सवयीने खुर्चीवर बसले. मी कपाटाजवळच्या बाकावर बसले. ग्रामसेवकाने कागद त्यांच्यापुढे सरकवले, त्यांनी वाचून माझ्यापुढे सरकवले. "सूनबाई, तू सही कर. बाकी मी पायतो." चहा आला तेव्हा पहिला कप त्यांनी मला दिला. इतक्या मायेने वागणाऱ्या माणसावर राग तरी कसा धरायचा?

तू नागपूरला राज्यशास्त्र शिकलीस. अशा कारभाराला तुझ्या पुस्तकात काय म्हणतात? रागावू नको. खरंच विचारते आहे.

तुझी
हर्षा


पवनी
१६ जानेवारी २०२३

चि. हर्षा, अनेक आशीर्वाद.

अभिनंदन. आता कामाचं.

मान एकाचा आणि कारभार दुसऱ्याचा, अशी राज्यं पुष्कळ होऊन गेली. लांब कशाला, आपल्या नागपूरलाच गादीवर भोसले होते आणि हुकूम इंग्रजांच्या रेसिडेंटचा चालायचा. गादीवरच्यांना रोज मुजरे मिळत. पुढे गादीही गेली.

तुझी निवड कशी झाली ते नीट समजून घे. पूर्वी पंचायतीचे सदस्य आपल्यातून सरपंच निवडायचे. ती दिल्लीची रीत. पंतप्रधान खासदारांच्या बहुमतावर उभा असतो, ते सरकले की तो पडतो. तुला गावाने स्वतः निवडलं. ही अमेरिकेच्या अध्यक्षासारखी रीत झाली. दोन्हींत गुणदोष आहेत, पण तुझ्या रीतीत तुला एक सोय नाही: "मला काय माहीत, घरच्यांनी सांगितलं" असं तुला म्हणता येणार नाही. लोकांनी तुझ्या नावासमोरचं बटण दाबलं आहे.

तुझे सासरे घनश्यामजी मायाळू असतील. प्रेमळ मालगुजार हाही मालगुजारच. खुर्ची मागून घे. आवाज चढवू नको, रडू नको, कारणं देऊ नको.

सोबत मागावरचं सुती लुगडं पाठवते. काठ मी निवडला आहे, रंग आमच्या विणकर सोसायटीतल्या मोनिकाने. पहिल्या सभेला नेस. डोक्यावर पदर घ्यायचा की नाही हे तू ठरव.

आत्या

ता. क. तुझी आई असती तर तिने पेढे वाटले असते. मी सोसायटीत बायकांना चिवडा वाटला. तिखट झाला होता.


चिचटोला
२ मार्च २०२३

ती. आत्यास सा. न.

तू सांगितलंस तसं केलं. लुगडं नेसून गेले. दारातच म्हटलं, "मामंजी, इथे मी बसते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, जणू ती कोणाची आहे हे त्यांनाच आठवत नव्हतं. उठले, टोपी नीट केली. "बरोबर हाय," म्हणाले आणि बाहेर पडले. मी कारणं दिली नाहीत. रडलेही नाही. तिथे तरी नाही.

आता सगळं मीच पाहते. नळाची टाकी, अंगणवाडीचं छप्पर, दाखले. सभेत प्रत्येकाला विचारते. मामंजींच्या वेळी सभा चहा थंड व्हायच्या आत उरकायची म्हणे. आता दुपार जाते. गावाच्या खालच्या टोकाला राहणारा तेजराम मला म्हणाला, "बाई, तुमी इचारता लय. घनश्यामजी सांगत, आमी ऐकत जावो. डोक्याले ताप नोयता." सगळे हसले. मीही हसले, पण ते मनात राहिलं. ते एकटे ठरवायचे आणि कोणाची तक्रार नसायची. मी सगळ्यांना विचारते आणि तक्रारींशिवाय दुसरं काही ऐकत नाही. मग बरा कारभार कोणता?

तरी सगळं छान चाललं आहे. काळजी करू नको. मामंजी हल्ली घरात थोडं कमी बोलतात. शेतात कामं असतील.

हर्षा


पवनी
११ मार्च २०२३

चि. हर्षा, आशीर्वाद.

शाबास. हा शब्द मी जपून वापरते, हे तुला माहीत आहे.

तक्रार नव्हती म्हणजे दुःख नव्हतं असं नाही. विचारणारं कोणी नव्हतं, इतकाच त्याचा अर्थ. आता तू विचारतेस म्हणून त्यांना बोलायला तोंड फुटलं आहे. हा कारभाराचा दोष नाही, हीच त्याची खूण आहे. घनश्यामजींचं म्हणशील, तर आयुष्यभर हुकूम सोडण्यासाठीच तोंड उघडलेल्या माणसाला साधं बोलायला वेळ लागतो. शिकतील.

बी.ए.ला असताना आम्ही स्वित्झर्लंडबद्दल शिकलो होतो. तिथल्या काही डोंगरी भागांत लोक वर्षातून एकदा मैदानात जमतात आणि हात वर करून कायदे ठरवतात. राजा नाही, लपवाछपवी नाही. जो तो शेजाऱ्यादेखत आपलं मत सांगतो. मला ते फार आवडलं होतं. आपल्या विणकर सोसायटीत इतकी वर्षं अध्यक्ष म्हणून मी हेच करते. प्रत्येक ठरावाला हात. मोनिका म्हणते, "बाई, तुम्ही चष्म्यावरून पायता ना, तवा हात आपोआप वर जाते." हा विनोद आहे असं मी धरून चालते.

जेवण वेळेवर घे. सरपंच उपाशी राहिल्याने गावाचं पोट भरत नाही.

आत्या


चिचटोला
२० सप्टेंबर २०२३

ती. आत्यास सा. न.

इतके महिने पत्र नाही म्हणून तू मनात काय काय म्हणाली असशील ते मी ऐकलं असं समज. धानाची रोवणी, मग पाऊस, मग हे.

गेल्या आठवड्यात एवढा पाऊस झाला की गावतलावाची पाळ एका अंगाने फुटली. माती आणि पोती टाकून आम्ही ती बुजवली. सूरज, मामंजी, सगळे चिखलात होते. पण तोवर निम्म्याहून जास्त पाणी वाहून गेलं होतं. आता आभाळ मोकळं झालं आहे. भारी, म्हणजे उशिरा येणारं, धान निसवायला ऑक्टोबर येईल आणि तेव्हा त्याला शेवटचं पाणी लागतंच. ते मिळालं नाही तर लोंबी उभी राहते, आत दाणा नसतो.

तलावात आहे ते पाणी सगळ्यांना पुरणार नाही. धानाच्या वरच्या बांध्या तलावाच्या पाळीला लागून आहेत, आमच्याही तिथेच. त्यांना झिरप्याची थोडी ओल राहते. खालच्या बांध्या लांब, पाणी पोचेस्तोवर निम्मं वाटेत जिरतं. वरचे म्हणतात आधी आम्ही, कारण आम्ही जवळ. खालचे काही म्हणत नाहीत, नुसते येऊन पंचायतीच्या ओट्यावर बसतात. त्यात तेजरामही असतो.

तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड, कोणासाठी आधी उघडायचं हे मला ठरवायचं आहे. आमची शेती वरची. मी काहीही ठरवलं तरी लोक म्हणतील, सरपंचबाईनं आपलं पाहिलं, नाहीतर म्हणतील, शहाणपण दाखवलं. तू काय केलं असतंस?

हर्षा


पवनी
२५ सप्टेंबर २०२३

चि. हर्षा, आशीर्वाद.

मी काय केलं असतं हा प्रश्न चुकीचा आहे. सरपंचाला एकटीने काय करायचा अधिकार आहे, हा प्रश्न विचार. दोन ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. प्रश्न तिथे मांड. दोन्ही बाजूंना बोलू दे. मग हात वर करून मत घे आणि मोज. जे ठरेल ते लिही, वाच, सही घे. कोणाच्या मेहेरबानीवर चालणाऱ्या गावापेक्षा स्वतःच्या ठरावावर चालणारं गाव बरं.

इथे नदी उतरली. घाटाच्या पायऱ्यांवर गाळ आहे. माझे गुडघे त्याचं निमित्त करतात आणि मी त्यांचं ऐकते.

आत्या


चिचटोला
५ ऑक्टोबर २०२३

आत्या,

तू सांगितलंस तस्संच केलं. आणि वाईट झालं.

सभेला गर्दी होती. वरच्यांतून परसराम बोलला. त्याची जमीन सर्वांत जास्त. "पानी जसं वाहाते तसं घ्याचं. वरून खाली. निसर्गानं केलेला ठराव हाय, आपन कोन बदलनारे?" टाळ्या पडल्या. खालच्यांना मी म्हटलं, बोला. कोणी उठलं नाही. मी पुन्हा म्हटलं. एकजण म्हणाला, "आमी काय बोलाव, बाई. तुमी पायता हाच." मग मी हात वर करायला सांगितलं. वरून खाली, या बाजूने इतके हात वर गेले की मोजायची गरज नव्हती. तरी मोजले. मोजताना पाहिलं, तेजरामचा हातही वर होता.

ठराव झाला, सह्या झाल्या. उलट्या बाजूने आलेले हात जवळजवळ नाहीतच. कागदावर तुला याहून चांगली लोकशाही सापडणार नाही.

बाहेर वाटेत मी तेजरामला थांबवलं. "तेजरामभाऊ, तुमच्या बांध्या खाली, आणि हात वरच्यांसाठी?"

तो चिडलाही नाही. "मंग काय करू, बाई? परसरामची जमीन बटईनं, अर्ध्या वाट्यानं, करतो मी. त्यो माह्या बाजूलेच बसला होता. माहा हात खाली रायला असता तर पुढच्या साली माह्या हाती काय रायलं असतं?"

तुझ्या स्वित्झर्लंडात कोणी कोणाची जमीन बटईने करत नसेल.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला जे सांगितलं ते मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. पाणी कमी पडायचं त्या साली मामंजी तुडूम खालच्या टोकासाठी आधी उघडायचे. आणि आपल्या बांध्यांना सर्वांत शेवटी. कधी मिळायचं, कधी नाही. कोणाचं मत घेतलं नाही, सभा नाही, काही नाही. तलावाच्या पाळीवर उभे राहायचे आणि म्हणायचे, "माहं सर्वात शेवटी." मग परसरामच्या बापालाही तोंड उघडता यायचं नाही. लोक त्यांना भिऊन ऐकतात असं मला वाटायचं. तूही तसंच लिहिलं होतंस.

आणखी एक. मार्चमध्ये मी सगळं छान आहे असं लिहिलं, ते खोटं होतं. खुर्ची मागितली त्या दिवसापासून मामंजी माझ्याशी बोललेले नाहीत. रागावत नाहीत, टोचत नाहीत. ताट वाढलं की जेवतात आणि उठतात. पाळ बुजवताना माझ्या हातातून पोतं घेतलं, पण माझ्याकडे न बघता. घरात एक माणूस असा वावरतो आणि मी ओट्यावर बसून लोकशाही करते.

येत्या आठवड्यात तुडूम उघडायचं आहे. पाणी वर संपेल. तेजराम आणि खालची सगळी घरं हिरवं धान कापून जनावरांपुढे टाकतील. मी ठराव रद्द करते आहे. सरपंच म्हणून माझ्या सहीने. तुला फक्त कळवते.

हर्षा


पवनी
९ ऑक्टोबर २०२३

हर्षा,

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते. ते हाती पडेपर्यंत काही करू नको. केलं असशील तर मागे घे.

घनश्यामजींबद्दल माझा अंदाज चुकला. मी त्यांना न पाहता त्यांच्याबद्दल लिहिलं. हात वर करण्याबद्दलही मी चुकले. इथे माझ्या खोलीत बसून मला तेजरामशेजारी बसलेला परसराम दिसला नाही. पुढे.

ठराव तू एकटीने मोडू नको. आज तू चांगल्यासाठी मोडशील. उद्या तुझ्या जागी बसलेला परसराम त्याच वाटेने त्याच्या भल्यासाठी मोडेल, आणि म्हणेल, हर्षाबाईंनी नाही का मोडला? चांगल्या राजाचा दोष तो चांगला असतो तोवर दिसत नाही. त्याच्यानंतर काय, हे त्याने कोणाला शिकवलेलं नसतं. घनश्यामजी खुर्चीवरून उठले आणि त्यांची रीत त्यांच्याबरोबर घरी गेली. तुलाही ती सात महिने कळली नाही, आणि तू त्यांच्याच घरात राहतेस.

आणि बहुमत. पाणी कोणत्या क्रमाने जाईल हे बहुमताने ठरू शकतं. कोणाचं ताट रिकामं राहील हे त्याने ठरवू नये. पुस्तकात हे वाक्य जास्त चांगलं होतं, पण अर्थ हाच.

आता नीट वाच. ठरावाने वरच्यांना पहिली पाळी दिली आहे. पाळी घेतलीच पाहिजे असं त्यात लिहिलेलं नाही. आपल्या हक्काची वस्तू सोडायला कोणाचा ठराव लागत नाही. तुमची पाळी सोडा आणि ते पाणी खाली जाऊ द्या. मग इतरांच्या घरी जाऊन विचार, सभेत नव्हे.

पण शेत तुझ्या एकटीचं नाही. आधी घरात विचार. सूरजला विचार. घनश्यामजींना विचार. सांगू नको, विचार.

मी तुला लहानपणी फार कमी विचारलं, फार सांगितलं. तेव्हा तू ऐकायचीस ते बरं वाटायचं. तब्येत सांभाळ.

आत्या


चिचटोला
२६ ऑक्टोबर २०२३

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

दसरा झाला. तुला सोनं पोचलं असं समज.

तुझं पत्र आलं त्या दुपारी सगळे जेवायला बसले होते. मी वाढता वाढता म्हटलं, "मला तुम्हाला एक विचारायचं आहे." सूरजला वाटलं गोड बातमी आहे, त्याचा घास हातातच राहिला. मी सांगितलं, आपली पाळी सोडायची का?

सूरज म्हणाला, "काहून? ठराव झाला ना? आपन सोडली तर परसराम हासन, आन् धान बी जाईन." मग घास खाली ठेवून म्हणाला, "तुले वाटते तर पाय. पर मले पटून नाई रायलं."

मग मी मामंजींकडे वळले. "मामंजी, तुम्ही सांगा."

त्यांनी वर पाहिलं. मी खुर्ची मागितली त्यानंतर पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मले इचारतेस?"

"हो."

"देऊन टाक," ते म्हणाले. "मी तर नेमीच देत आलो."

तेवढ्यात सासूबाईंनी भाताचं भांडं खाली ठेवलं. आवाज झाला. तुला सांगते, माझ्या लग्नापासून मी त्यांना भांडं आपटताना पाहिलं नव्हतं.

"हाव. तुमी देत आले," त्या म्हणाल्या. "तुमी पाळीवर उभे राहून पानी देत आले, आन् मी घरी हंडीत पानी वाढवत आली. धान कमी आलं त्या साली पोट्ट्याइले भात वाढला, तुमाले वाढला, आन् मी पेज पेली. गावानं तुमाले देवमानूस म्हटलं. मी नाई म्हटलं असतं असं नाई. पर एका सालीही तुमी मले इचारलं?"

मामंजींचा हात ताटात तसाच होता. बाहेर कोंबड्या कण्यांवरून भांडत होत्या.

आत्या, तू मला लिहिलं होतंस, सूरजला विचार, घनश्यामजींना विचार. मीही तेवढंच केलं होतं. सासूबाईंना विचारायचं आपल्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही. त्या त्याच घरात, त्याच चुलीपुढे, माझ्या हाताला हात लागेल इतक्या जवळ होत्या.

मी म्हटलं, "सासूबाई, मग तुम्हीच सांगा. तुम्ही नको म्हणाल तर नको." आणि मी खरंच तसं ठरवून म्हटलं.

त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "तेजरामची लेक बाळंतपनाले आली हाय. तिच्या घरी धान नाई पिकलं तर कसं होईन? दे. पर सगळ्याच बांध्या सुकवाच्या नाई. कोनती सुकवाची, ते औंदा मी सांगीन."

जेवण झाल्यावर आम्ही दोघी बांधावरून गेलो. त्या पुढे, मी मागे. आणि आमच्या मागे, बरंच अंतर ठेवून, मामंजी. त्या बोट दाखवायच्या, "ही जाऊ दे. ही नाई."

मग मी वरच्या घरांत गेले. या वेळी ओट्यावर नाही, आत, चुलीपर्यंत. पुरुषांना विचारलं, बायकांना विचारलं. सगळ्यांनी हो म्हटलं नाही. दोघातिघांनी तोंडावर नाही म्हटलं, आणि मी म्हटलं, बरं, तुमचा हक्क आहे. पण बाकीच्यांनी कोणी पाळी सोडली, कोणी अर्धी. परसरामने मला चहा पाजला, निसर्ग पुन्हा समजावून सांगितला आणि पाणी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामंजी कुठेतरी गेले. संध्याकाळी पंचायतीत आले. सात महिन्यांनंतर. आत आले नाहीत, दारातच उभे राहिले. "परसराम अर्धी पाळी सोडते. तेजरामची बटई बी काढून घेनार नाई म्हनते. माह्यापुढं बोलला हाय. लिहून घे, सरपंच."

त्यांनी मला सूनबाई म्हटलं नाही, आत्या. मी मान खाली घालून लिहीत राहिले, कारण तू रडू नको म्हणाली होतीस.

पाणी खाली पोचलं आहे. सगळीकडे नाही. दाणा किती भरेल ते कापणीला कळेल. आता वाट पाहणं आहे.

तुझी
हर्षा


चिचटोला
२१ नोव्हेंबर २०२३

रुखमिणीबाईले जानकीबाईचा नमस्कार.

मी सांगून राहिली, सूनबाई लिवून राहिली. तिले म्हटलं, जसं बोलते तसंच लिव, सुधारू नको. मले वाचता येत नाई, पर सुधारलं तर समजते.

कापनी झाली. खालच्या बांध्याइत धान भरलं. सगळं नाई भरलं. तेजरामचं निम्मं भरलं, टोकावरचं पोचट निंघालं. पर जनावरापुढं टाकाचं काम नाई पडलं. त्याची बायको येऊन माह्याजवळ बसली. वाल सोलू लागली. समदे वाल सोलून गेली.

आता आमच्या घरचं सांगते. मी जे बांधी सुकवली, ते रस्त्यावरची. ह्या मानसाची आवडती. येनाराजानारा पायते, म्हनते, वा घनश्यामजी, काय धान हाय! ते यंदा वाळून उभी होती. येनाराजानारा इचारे, अन् हा मानूस सांगे, "मालकिनीचा हुकूम हाय." पयल्या दिवशी तोंड पाडून सांगे. मंग हासून सांगाले लागला. आता तर कोनी इचारलं नाई तरी सांगते.

कायले सुकवली ते सांगते. याच्या आंधी पानी द्याचं असलं का हा मानूस माही चिन्नोरची बांधी सुकवत जाय. ते कोपऱ्यात हाय, कोनाले दिसत नाई. माहेरून बी आनली होती मी, लगीन झालं तवा. बारीक दाना, शिजवला का घरभर वास. किती साल वास नाई आला घरात. औंदा आला.

सूनबाई म्हनते, तुमी लय शिकल्या हा, राज्य कसं चालते त्याचे पुस्तकं वाचले. मले एक सांगा. तुमच्या पुस्तकात राजा असते, प्रधान असते, निवडून आलेले असते. राजा दान देते, पाऊस नाई पडला तर कोठार खोलते, अन् मंग लोकं त्याले चांगला म्हनते. तवा राजाची बायको काय खाते, ते लिवलं असते का?

इचारून पायलं. रागावू नका.

चिन्नोरचा भात खायले या. पोरीच्या घरी तुमी अजून जेवल्या नाई.

जानकीबाई

(आत्या, मी एक शब्दही बदललेला नाही. त्या प्रत्येक ओळीनंतर वाचून घेत होत्या. मामंजी दारात बसून ऐकत होते आणि आवडत्या बांधीपाशी खोकले. — हर्षा)


पवनी
२७ नोव्हेंबर २०२३

सौ. जानकीबाईंना रुखमिणीचा सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा पत्र म्हणून आणि एकदा प्रश्नपत्रिका म्हणून.

राजाची बायको काय खाते हे आमच्या पुस्तकांत नव्हतं. मी आठवून पाहिलं. राजेशाही होती, सरदारांची सत्ता होती, हुकूमशाही होती, लोकशाहीचे सगळे प्रकार होते. परीक्षेत मला या विषयात पहिला वर्ग मिळाला. तुमचा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि मलाही सुचला नव्हता. आता सुचूनही याचं उत्तर मला लिहिता येत नाही. तुम्ही रस्त्यावरची बांधी सुकवलीत, तेवढं उत्तर माझ्याजवळ आहे.

हर्षाने तुम्हाला सांगितलं असेल की मी कडक बाई आहे. ते खरं आहे. गेल्या आठवड्यात सोसायटीच्या सभेत मी हातांऐवजी चिठ्ठ्यांवर मत घेतलं. माझे दोन ठराव पडले. इतक्या वर्षांत माझा ठराव कधी पडला नव्हता, आणि मला वाटत होतं की ते माझ्या ठरावांच्या चांगुलपणामुळे. चिठ्ठ्या उघडताना मोनिका खिडकीबाहेर पाहत होती. तिचे खांदे हलत होते. पडलेल्यांतला एक ठराव खरोखरच वाईट होता.

पोर आईवेगळी माझ्या हाती आली. तिने चांगलं वागावं म्हणून मी तिला पुष्कळ शिकवलं. विचारावं कसं हे मात्र ती तुमच्या चुलीपाशी शिकली. तुमचे आभार मानायला मला जमत नाही, म्हणून ही ओळ पुन्हा वाचून घ्या.

जेवायला बोलावलंत. मी कोणाकडे जायचं झालं तर दिवस आणि गाडी कळवते, घरच्यांनी तयार राहायचं. पन्नास वर्षं मी अशीच जात आले. या वेळी विचारते. गाडीत बसून माझे पाय धरतात, ऐकू कमी येतं, सकाळी लवकर उठून मी इतरांना उठवते, आणि भात जरा मऊ लागतो. अशी बाई चार दिवस तुमच्याकडे राहिली तर तुम्हाला जड जाईल का? घनश्यामजींना नाही, हर्षालाही नाही, तुम्हाला विचारते आहे. नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही.

तुमचं उत्तर आलं की मग गाडीची वेळ पाहीन.

रुखमिणी